पावसावर ढकललेला दोष

मे महिन्यात नेवाशाच्या शिवारात वळीव येतो तेव्हा आधी वारा येतो, पाऊस मागून. दुपारभर पान हलत नाही. मग ढगाखाली मातकट पडदा उभा राहतो, तापलेल्या अंगावर एकदम गार झोत येतो, कांदाचाळीचे पत्रे खडखडायला लागतात. टपोरे थेंब पडू लागेपर्यंत उसाचा फड लोळलेला असतो आणि केळीची झाडं घडांसकट मधोमध मोडलेली. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपतं. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याची धावपळ सुरू होते. पाऊस किती मिलिमीटर झाला ते मंडळाच्या केंद्रावरून कळतं. त्या शेतावरून वारा किती वेगाने गेला, हे मात्र कुणालाच छातीठोक सांगता येत नाही.

यातूनच मागणी निघते, की या पट्ट्याच्या जवळ डॉप्लर रडार हवं. आणि मागणी निघाली की तिला गप्प करणारा एक युक्तिवादही पुढे येतो. रडार पावसात वारा नीट मोजूच शकत नाही, थेंबांमुळे त्याचे आकडे बिघडतात. वादळात पाऊस असणारच, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी रडार निरुपयोगी. त्यावर पैसा घालण्यापेक्षा गावोगाव वारामापक बसवा. असं बोलणारे अडाणी नसतात. पावसामुळे रडारच्या वाऱ्याच्या मोजणीत चूक येते, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं आणि ते खोटंही नाही. पण ते ज्या रडारबद्दल लिहिलेलं असतं ते वेगळं, आणि नेवाशाला हवं आहे ते वेगळं. एका यंत्राचं दुखणं दुसऱ्याच्या माथी मारून रास्त मागणी मोडीत काढली जाते. म्हणून हा युक्तिवाद मुळापासून तपासायला हवा.

मुळात रडारला हवा दिसत नाही. हवामान खात्याचं डॉप्लर रडार सूक्ष्मलहरींचे ठोके सोडतं आणि वाटेत कशावर तरी आपटून परतणारा प्रतिध्वनी ऐकतं. तो ‘कशावर तरी’ म्हणजे बहुतेक वेळा पावसाचा थेंब, गार किंवा बर्फाचा कण. थेंब रडारकडे येत असेल तर परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर घटते. त्या फरकावरून वेग निघतो. आकाश निरभ्र असेल तर जवळपासचे किडे आणि धूळ यांच्यावरून थोडंफार कळतं. त्यापलीकडे पडदा कोराच राहतो. थोडक्यात, पाऊस नसेल तर या रडारला सांगण्यासारखं फार काही नसतं. थेंब हेच त्याचे साक्षीदार. ज्याच्यामुळे दिसतं त्यालाच ‘दिसू देत नाही’ म्हणणं हा उलटा न्याय आहे.

यावर एक बारीक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. थेंबाला स्वतःचा खाली पडण्याचा वेग असतो. मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर, म्हणजे ताशी 32 किलोमीटरच्या आसपास वेगाने पडतो. मग रडारने मोजलेला वेग वाऱ्याचा की थेंबाच्या पडण्याचा?

उत्तर किरणाच्या कोनात आहे. वळवाचा जमिनीलगतचा वारा शोधताना रडारचा किरण जवळजवळ आडवा, क्षितिजापासून अर्धा अंश वर असतो. इतक्या आडव्या किरणाला थेंबाच्या उभ्या वेगाचा फक्त अल्पसा हिस्सा जाणवतो. 9 मीटरला अर्ध्या अंशाच्या ज्येने गुणलं की सेकंदाला 8 सेंटिमीटर येतात, म्हणजे ताशी एक किलोमीटरचा तिसरा भागसुद्धा नाही. फड लोळवणारा वारा ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा असताना ही चूक कुणी मोजायलाही बसणार नाही. आणि आडव्या दिशेत थेंब वाऱ्याबरोबरच वाहतो. झोत आला की जेमतेम सेकंदाभरात थेंब त्याचा वेग उचलतो. छत्री धरून चालणाऱ्याला हे ठाऊक असतं: वारा सुटला की पाऊस तिरका होतो, आणि वारा जितका जोरात तितका तो आडवा.

दुसरा आक्षेप शोषणाचा. मुसळधार पावसात रडारची लहर क्षीण होते, हे खरं आहे. पण किती, ते तरंगलांबीवर ठरतं. सुमारे 3 सेंटिमीटर लांबीच्या लहरींचं एक्स-बँड रडार ताशी 50 मिलिमीटरच्या पावसात दर किलोमीटरला साधारण एक डेसिबल गमावतं. अशा पावसातून दहा किलोमीटर जाऊन परत येईपर्यंत शक्तीचा शंभरावा हिस्सा उरतो. 5 सेंटिमीटरच्या सी-बँडचं नुकसान त्याहून बरंच कमी. 10 सेंटिमीटरच्या एस-बँडचं, म्हणजे मुंबईत कुलाब्याला आहे त्या जातीच्या रडारचं, जवळजवळ नगण्य. रडारवरच्या घुमटावरून पाणी वाहत असेल तर आणखी थोडी घट होते. हे सगळं मान्य.

पण घटते ती लहरीची ताकद. तिची वारंवारता नाही. रात्री शिवारापलीकडच्या देवळातलं भजन ऐकू येतं. मध्ये घरं आली, झाडं आली, तर आवाज क्षीण होतो. म्हणून काळी चारमध्ये गाणारा बुवा काळी दोनमध्ये ऐकू येत नाही. पट्टी तीच राहते. रडार वाऱ्याचा वेग पट्टीवरून ओळखतं, आवाजाच्या मोठेपणावरून नाही. आवाज कमी पडला की फसतो तो पावसाच्या तीव्रतेचा अंदाज. वाऱ्याचा आकडा प्रतिध्वनी पुरता बुडेपर्यंत शाबूत राहतो. पावसाने रडारचं जे नुकसान होतं त्याचा सगळ्यात कमी फटका वाऱ्याच्या मोजणीला बसतो. हे माहीत नसल्यामुळे अख्खा युक्तिवाद उभा आहे.

मग ‘पावसामुळे वारा चुकतो’ हे वाक्य आलं कुठून? ते समुद्रावरून आलं आहे, आणि ते समजून घ्यायला प्रवरासंगमला जाऊन उभं राहिलं तरी पुरे. प्रवरा आणि गोदावरी तिथे भेटतात आणि जायकवाडीचा फुगवटा तिथवर पसरतो. वाऱ्याची झुळूक आली की त्या पाण्यावर बोटभर रुंदीच्या बारीक लहरींची शिरशिरी उठते. वारा वाढला की ती दाट होते. उपग्रहावरचं स्कॅटरोमीटर नावाचं रडार समुद्रावरची हीच शिरशिरी वाचतं आणि तिच्यावरून वाऱ्याचा वेग नि दिशा काढतं. भारताने हे यंत्र 23 सप्टेंबर 2009 रोजी ओशनसॅट-2 वर पाठवलं, 26 सप्टेंबर 2016 रोजी स्कॅटसॅट-1 वर आणि 26 नोव्हेंबर 2022 रोजी ईओएस-06 वर. या यंत्रांची लहर साडेतेरा गिगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर लांब.

आता त्याच पाण्यावर पाऊस पडू द्या. थेंब पाण्यात शिरतो, कडेने पाण्याचा मुकुट उसळतो, मुकुट बसला की मधून पाण्याचा एक देठ वर येतो, आणि भोवती वलयं पसरत जातात. वारा अजिबात नसला तरी पाण्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो. वरून पाहणाऱ्या यंत्राला हा खडबडीतपणा वाऱ्याचाच वाटतो. शिवाय हवेतले थेंब स्वतः लहर परतवतात आणि काही लहर शोषूनही घेतात. म्हणून मंद वाऱ्यात पाऊस असेल तर उपग्रहाचा वारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो. चक्रीवादळात उलट होतं: समुद्र आधीच इतका खवळलेला असतो, की थेंबांनी त्यात पडणारी भर नगण्य ठरते आणि शोषण वरचढ होऊन वारा कमी दिसतो. दिशाही भरकटते. त्यामुळे पावसाची शंका आली की त्या आकड्यांवर खूण करतात आणि भाकिताच्या गणितात ते एकतर गाळतात किंवा हातचं राखून वापरतात. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचं यंत्र साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची लहर वापरतं, म्हणून त्याला हा त्रास कमी होतो.

हा दोष खरा आहे, अभ्यासलेला आहे, आणि नेवाशाच्या शेतकऱ्याला दूरचाही नाही. मान्सूनचा वारा अरबी समुद्रावरूनच येतो. पण हे यंत्र पाण्याची शिरशिरी वाचतं. जमिनीवरचं डॉप्लर रडार थेंबाचा वेग वाचतं. पहिल्याच्या वाचनात पाऊस भेसळ करतो. दुसऱ्याला तो वाचायला अक्षरं देतो. दोघांना ‘रडार’ हा एकच शब्द लागू पडतो, आणि सगळा घोळ त्या शब्दाने केला आहे.

आणखी एक यंत्र इथे आणायला हवं, कारण ते महाराष्ट्रातच होतं. पुण्यात पाषाणला या शतकाच्या सुरुवातीला 404 मेगाहर्ट्झचा वाऱ्याचा प्रोफाइलर उभा राहिला. हे रडार सरळ वर बघतं, थोडंसं कलून इकडेतिकडेही बघतं, आणि थेंब नसतानाही हवेतल्या खळबळीवरून परतणारा अतिशय क्षीण प्रतिध्वनी पकडून डोक्यावरच्या थरांमधला वारा सांगतं. इथे पाऊस खरोखर लुडबूड करतो. लहर जितकी आखूड तितका थेंबांचा प्रतिध्वनी मोठा. तरंगलांबी निम्मी केली की तो सोळापट होतो. प्रोफाइलरच्या आलेखात पावसाच्या दिवशी दोन टेकड्या दिसतात. एक शून्याजवळची, हवेची. दुसरी सेकंदाला सहा-आठ मीटर खाली जाणाऱ्या थेंबांची. संगणकाने उंच टेकडी बघून दुसरीच उचलली, तर ‘हवा वेगाने खाली कोसळते आहे’ असा निष्कर्ष निघेल आणि तो साफ चुकीचा असेल. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गडंकीला 53 मेगाहर्ट्झचं, साडेपाच मीटरहून लांब लहरीचं रडार आहे. त्याला थेंब इतके बारीक पडतात, की ऐन पावसातही त्यात हवेची टेकडी सहसा ठळक राहते.

पण शास्त्रज्ञ या दोन टेकड्यांकडे कसं बघतात? दोन्ही ठेवतात. पहिलीवरून हवेची उभी हालचाल कळते, दोहोंमधल्या अंतरावरून थेंब केवढे आहेत ते कळतं. ज्याला वरवर दोष म्हणतात त्यातूनच ते दुसरी मोजणी काढतात. म्हणजे हे उदाहरणही विरोधकांच्या बाजूने पुरतं उभं राहत नाही.

आता मुख्य प्रश्न. पाऊस अडवत नसेल तर नेवाशाच्या वळवाचा वारा रडारला का सापडत नाही?

अंतरामुळे. नेवासा मुंबईच्या कुलाब्यापासून सरळ रेषेत सुमारे 230 किलोमीटरवर आहे. सोलापूरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बसवलेलं सी-बँड रडार आहे. तेही तितकंच, 230 किलोमीटरच्या आसपास. साताऱ्यात मांढरदेवच्या डोंगरावर याच संस्थेने एक्स-बँड रडार चालवलं. ते दोनशे किलोमीटर दूर आणि त्याचा पल्लाच तेवढा नाही. नागपूर साडेचारशेच्या पुढे. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण जितका लांब जाईल तितका जमिनीपासून वर सुटत जातो. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण 230 किलोमीटरवर पोचतो तेव्हा त्याचा मध्य 5 किलोमीटरहून उंच असतो. आणि एक अंश रुंदीचा तो किरण तिथे चार किलोमीटर जाड झालेला असतो. त्यातून मुंबईच्या किरणाला सह्याद्री ओलांडायचा असतो. त्याचा खालचा भाग जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यालाच अडतो. मुंबईच्या रडारला नेवाशाच्या ढगाचा माथा दिसतो. फड लोळवणारा वारा जमिनीलगतच्या काहीशे मीटरच्या थरात असतो. तो किरणाच्या कितीतरी खाली राहतो.

मुंबई आणि सोलापूरचे किरण नेवाशावर कोणत्या कोनात पोचतात तेही पाहण्यासारखं आहे. एक रडार वाऱ्याचा फक्त स्वतःकडे येणारा किंवा दूर जाणारा भाग सांगतं. आडवा जाणारा वारा त्याला शून्य दिसतो. पूर्ण वारा हवा तर दोन रडारांनी दोन वेगळ्या दिशांनी बघावं लागतं, आणि काटकोनात बघितलं तर उत्तम. मुंबईहून नेवासा पूर्व-ईशान्येला, सोलापूरहून उत्तर-वायव्येला. दोन किरणांमधला कोन नव्वद अंशांच्या अगदी जवळ येतो. आखूनही याहून चांगली जागा मिळाली नसती. फक्त हे मिलन होतं पाच किलोमीटर उंचीवर, जिथे ना ऊस आहे ना केळी.

अंतराचा तिसरा फटका वेगाच्या मर्यादेला बसतो. रडारने एक ठोका सोडला की तो लांबून परत येईपर्यंत थांबावं लागतं. लांबचं बघायचं तर ठोके विरळ सोडावे लागतात, आणि ठोके विरळ झाले की मोठा वेग ओळखता येत नाही. 10 सेंटिमीटरच्या लहरीने 250 किलोमीटरपर्यंत बघायचं ठरवलं, तर साध्या पद्धतीने सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटरपर्यंतचाच वेग सरळ मोजता येतो. त्यापुढचा वेग गुंडाळला जातो: ताशी 70 किलोमीटरने दूर जाणारा वारा 38 ने जवळ येताना दिसतो. वेगवेगळ्या अंतराने ठोके सोडून आणि शेजारच्या आकड्यांशी ताडून ही गुंडाळी बरीचशी उलगडता येते. पण पल्ला 100 किलोमीटरवर आणला तर तीच मर्यादा ताशी 135 किलोमीटरवर जाते आणि उलगडायचं फारसं काही उरतच नाही. या हिशेबात पावसाचा एक थेंबही आलेला नाही.

आणखी एक गोष्ट विरोधकांच्या लक्षात आलेली दिसत नाही. नेवासा पर्जन्यछायेत आहे. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या पाण्याने भरलेली प्रवरा नेवाशाला येते, तेव्हा खुद्द नेवाशाचा वार्षिक पाऊस पाचशेच्या आसपास रेंगाळत असतो. मे महिन्यात इथे ढगाखालची हवा कोरडीठाक असते. थेंब पडता पडता त्या हवेत वाळतात, वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतात, हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली येते. जमिनीवर आपटली की चहूकडे पसरते. थेंब पडण्याआधी अंगावर येणारा तो गार झोत हाच. म्हणजे या भागात फड लोळवणारा वारा बहुतेक वेळा पावसानेच तयार केलेला असतो, आणि कित्येकदा तो पाऊस जमिनीपर्यंत पोचतही नाही. रडार जवळ असेल तर ढगाच्या पोटात थेंबांचा गाभा खाली घसरू लागल्याचं दिसतं, मधल्या उंचीवर वारे आत खेचले जाताना दिसतात, आणि झोत जमिनीवर येण्याआधी काही मिनिटं हातात मिळतात. पाऊस वगळून वारा मोजण्याची भाषा इथे निरर्थक ठरते.

आता वारामापकांबद्दल. ते नकोत असं कुणी म्हणू नये. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, केळीसारख्या फळपिकांच्या हवामानाधारित विम्यात वेगाच्या वाऱ्याची जोखीम धरली जाते, आणि जमिनीलगतचा वारा सांगायला वारामापकाला पर्याय नाही. रडारचा सर्वात खालचा किरणही त्याच्या वरूनच जातो. पण वारामापक सांगतो तो त्याच्या खांबापुरता वारा. ढगाखालून आपटणाऱ्या लहान झोताचा विस्तार चार किलोमीटरच्या आत असतो. मंडळात एक खांब असेल आणि झोत त्याच्यापासून पाच किलोमीटरवर पडला, तर खांबावर झुळूक नोंदली जाईल आणि केळीचा बाग भुईसपाट झालेला असेल. त्या शेतकऱ्याला ‘तुमच्या मंडळात वारा नव्हता’ असं सांगितलं जाणं हा अन्याय आहे. तो दूर करायला दोन खांबांच्या मधली जागा बघणारा डोळा लागतो. म्हणून रडार आणि वारामापक यांत निवड करायला लावणंच चुकीचं आहे.

वाऱ्याचा आकडा किती जिवावर बेततो ते मुंबईने 13 मे 2024 च्या संध्याकाळी पाहिलं. धुळीचं वादळ आलं, मागून पाऊस आला, आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर सुमारे 120 फूट लांब-रुंद जाहिरात फलक कोसळून 17 माणसं गेली. त्या शहरात कुलाब्याला एस-बँड रडार आहे आणि 2022 पासून वेरावलीला सी-बँडही. वाऱ्याबद्दल प्रश्न उठला तर मुंबईत निदान तपासायला नोंदी असतात. नेवाशात तसा प्रश्न विचारला तर जमिनीपासून पाच किलोमीटर उंचीचा आकडा मिळेल.

जवळच्या रडारची कल्पना या भागाला नवी नाही. 2015 च्या दुष्काळात मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला तेव्हा औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सी-बँड रडार बसवलं होतं. कोणत्या ढगात फवारणी करायची ते ठरवायला ते आलं होतं. त्या शहरापासून नेवासा सरळ रेषेत 55 किलोमीटर. अर्ध्या अंशाचा किरण तिथे 650 मीटरच्या आसपास उंचीवर असतो आणि जेमतेम एक किलोमीटर जाड. कुठे पाच हजार मीटर आणि कुठे साडेसहाशे! पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो.

केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये 2,000 कोटी रुपयांच्या मिशन मौसमला मंजुरी दिली आणि त्यात देशातल्या रडारांचं जाळं वाढवणं हा मोठा भाग आहे. त्यामुळे गोदाकाठच्या या पट्ट्याची मागणी नेमक्या शब्दांत मांडली गेली पाहिजे. रडार नेवाशापासून शंभर किलोमीटरच्या आत हवं. ते सी-बँड किंवा एस-बँड हवं. स्वस्त पडतं म्हणून एकटं एक्स-बँड गळ्यात मारू नये, कारण शोषणाचा आक्षेप सर्वात जास्त लागू पडतो तो त्यालाच. ते आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही कंपनांचे ठोके सोडणारं असावं, म्हणजे शोषणाची दुरुस्ती करता येते आणि गार कुठे, थेंब कुठे, हे वेगळं ओळखता येतं. आणि त्याचे वेगाचे आकडे फक्त रंगीत चित्र म्हणून न दाखवता साठवून ठेवावेत, मागणाऱ्याला तारीख-वेळेसह द्यावेत, म्हणजे पंचनाम्याच्या कागदावर ‘वादळी वारा’ या मोघम शब्दांऐवजी त्या गटावरून, त्या पंधरा मिनिटांत, इतक्या उंचीवर इतका वारा गेला, असं लिहिता येईल.